तेनामासची बोटे

गाळ पाठीने काढायचा नसतो, गुडघ्यांनी काढायचा असतो. हे मला तेनामासने शिकवले. एक पाय डोणीच्या काठावर, दुसरा पोटात. लांब काठीच्या टोकाची पिशवी तळाला टेकवायची, काठीवर अंगाचा भार द्यायचा. पिशवी भरली की लगेच ओढायची नाही. पाण्यातच थोडी हलवायची, पाणी निथळू द्यायचे आणि मग गुडघे सरळ करत उठायचे. घाई करणारा पाणी उचलतो. दिवसभर राबूनही त्याच्या वाफ्यावर बोटभर थर चढत नाही.

मिस्किकच्या तळ्यात रचलेले वाफे, आमची सगळी शेती या गाळावर. मी मागे उभा राहून डोणी ढकलायचो, तो पुढे गाळ काढायचा. तेनामास म्हणजे चुलीचा दगड. नाव शोभायचे. रुंद, काळा आणि एकदा बसला की न हलणारा. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. पुन्हा त्याने घर मांडले नाही. धाकटी बहीण नेकावाल त्याच्याकडे राहायची. तिचा नवरा लढाईवरून परतला नव्हता. तिची एकच मुलगी, सेन्तेवा. मामाच्या डोणीचा आवाज ओळखून धक्क्यावर धावत येणारी. तो तिला बदकाची अंडी द्यायचा आणि म्हणायचा, "मी घातली नाहीत, उगाच माझ्याकडे बघू नकोस."

आमच्यात माणूस कसा जगला हे कुणी विचारत नाही, कसा मेला हे विचारतात. लढाईत मेलेला सूर्याकडे जातो. म्हातारपणाने किंवा साध्या तापाने मेलेला खालच्या अंधाऱ्या मुलखात, चार वर्षांच्या गारठ्यातल्या वाटेने. पण पाण्यात बुडालेला, वीज पडलेला, सांधे सुजून किंवा पोटात पाणी होऊन गेलेला, तो त्लालोकचा. पावसाच्या देवाने त्याला आपल्या घरी बोलावलेले असते. तिथे मका, भोपळा, मिरची कधी संपत नाही. अशा माणसाला जाळत नाहीत. कपाळाला निळा रंग लावतात, हातात वाळकी फांदी देतात आणि पुरतात. फांदीला तिकडे पालवी फुटते.

मात्र बुडालेल्याला हात लावायचा तो फक्त त्लालोकच्या पुजाऱ्यांनी. दुसऱ्या कुणी लावला तर देव त्यालाही बुडवतो, नाहीतर त्याचे सांधे बांधून टाकतो. हे आम्हाला चालता येण्याआधी माहीत होते.

एका सकाळी धुके दाट होते. आम्ही वाफ्यांमधल्या मोठ्या पाण्याच्या गल्लीतून वळलो तर काठावर बायका उभ्या दिसल्या. हात छातीशी घट्ट धरलेले. पाणगवतात काहीतरी तरंगत होते. पाठ वर, वेणी पाण्यावर.

"पुढे येऊ नका," एका म्हातारीने हाक दिली. "पुजाऱ्यांना बोलवायला गेलेत. तळ्यातल्या त्या कुत्र्याने ओढलीय तिला. शेपटीला हात असतो त्याच्या, डोळे नि नखं काढून घेतो."

"कोण आहे?" मी विचारले.

मग तेनामासने पिशवी सोडून दिली. काठीसकट. त्याच्या हातातून पिशवी सुटलेली मी कधी पाहिली नव्हती. त्याने सेन्तेवाला वेणीवरून ओळखले होते.

तो कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि तिला उचलले. डोणीवर आणून स्वतःच्या गुडघ्यावर पालथी घातली. ती घसरू नये म्हणून मी तिचे पाय धरले. पाय गार होते. नखे होती, डोळेही होते, पण छाती हलत नव्हती. त्याने घाई केली नाही. पिशवी निथळू देतात तशी त्याने ती निथळू दिली. मग पाठीवर तळवा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. बऱ्याच वेळाने तिच्या तोंडातून पाणी आले आणि ती खोकली.

धुक्यात, डोणीच्या आडोशाला काय झाले ते बायकांना दिसले नाही. खोकला मात्र सगळ्यांनी ऐकला.

"जिवंत आहे का गं ती?" कुणीतरी पुटपुटले. आनंदाने नव्हे. म्हातारी मागे सरकली. तिच्याबरोबर सगळ्या सरकल्या.

पुजारी आला तेव्हा सेन्तेवा आईच्या मांडीवर कुडकुडत होती. पुजारी म्हातारा होता. अंगाला काजळी, केस रक्ताने चिकटलेले, काटे टोचून टोचून कानांच्या चिंध्या झालेल्या. त्याने निळ्या रंगाची वाटी झाकली आणि तेनामाससमोर बसला.

"आधी खोकली की आधी हात लावलास?"

सगळे त्या एका गोष्टीवर अवलंबून होते. आधी खोकली असेल तर ती फक्त पाण्यात पडलेली पोर. पण आधी हात लावला असेल तर तेनामासने त्लालोकच्या घरातले माणूस उंबऱ्यावरून ओढून आणले होते. ते त्याला परत द्यावे लागते. पाऊस पडला तर देव गप्प बसतो. पाऊस ओढ देतो तेव्हा देवाचे देणे कुणाकडे अडकले आहे ते पुजारी शोधतात.

"आधी खोकली," तेनामास म्हणाला.

पुजारी माझ्याकडे वळला. "तू काय पाहिलंस?"

"आधी खोकली," मी म्हणालो.

त्याने पोरीकडे पाहिले. ती रडत होती. त्लालोकच्या डोंगरावर बळी द्यायला नेतात त्या लेकरांनी रडावे म्हणतात, आसवे पडली तर पाऊस पडतो. पुजाऱ्याने तिच्या गालाला बोट लावले आणि ते बोट बराच वेळ बघितले.

"तुम्हा दोघांनाही धुक्यात चांगलं दिसतं," तो म्हणाला. "देवाच्या अंगणात पाण्याचे चार रांजण आहेत. एकात पिकाचं पाणी, एकात कीड, एकात गारठा, एकात असं पाणी की त्याने कणीस भरतच नाही. कुठला फोडायचा ते तो ठरवेल. तेव्हा कळेल आधी काय झालं ते. आणि तुझे सांधे जप."

त्या वर्षी पाऊस बरा झाला. नेकावाल पोरीला पाण्याजवळ जाऊ देईना. तळ्यात घर असलेल्या पोरीला पाण्यापासून लांब ठेवायचे म्हणजे छपराला बांधून ठेवायचे. पाऊस लागला की सेन्तेवा चटईवर चढून बसायची. एकदा तिने मामाला विचारले, "मामा, मी कुणाची आहे?"

"माझी. अंडी खातेस ना माझी? मग?"

पुढच्या थंडीनंतर एका सकाळी तो डोणीवर चढला तो पाय ओढत.

"बदकासारखा का चालतोयस?" मी विचारले.

"अंडी द्यायची आहेत," तो म्हणाला.

मी हसलो. मग त्याच्या पायाचा अंगठा पाहिला. सांध्यावर लाल फुगा आला होता, कातडे चकचकीत. त्याने पाय गाळात बुडवला.

"तू काही पाहिलं नाहीस."

"नाही."

"धुक्यात चांगलं दिसतं आणि उन्हात दिसत नाही. बरा आहेस."

दुखणे अंगठ्यापाशी थांबले असते तर चालले असते. पण आजार वर चढला. आधी गुडघे, मग बोटे. काही महिने यायचा, काही महिने जायचा. मी चाळीस माणसांबरोबर काम केले असेल. दुखणे लपवणारे बरेच पाहिले. पण दुखणे हीच साक्ष आहे म्हणून लपवणारा हा एकच. सुजलेला सांधा कुणाला दिसला तर त्याला विचारायची गरज नव्हती. आधी हात लावला, हे सांधाच सांगणार होता.

त्यावर इलाज होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. राजगिऱ्याच्या पिठाचे छोटे डोंगर करायचे, भोपळ्याच्या बियांचे दात, घेवड्याचे डोळे. पुजाऱ्याला बोलवायचे, डोंगरांना जेवू घालायचे, मग त्यांच्या माना कापून ते घरच्यांनी खायचे. त्लालोक सांधा सोडतो. नेकावालने राजगिरा दळूनही ठेवला होता.

"दादा, तू भाकरी मुठीत धरतोस. मला दिसत नाही होय? बोलवूया त्यांना."

"आणि काय सांगू?"

सेन्तेवा कोपऱ्यात घायपाताचे सूत कातत होती. चाती तिच्या वाटीत फिरायची थांबली. बहिणीने तो राजगिरा पेजेत घालून संपवला.

काम करताना त्याने युक्ती काढली. बोटे मिटत नव्हती, म्हणून काठीला घायपाताच्या दोरीचा फास केला, मनगट त्यात अडकवायचा आणि कोपराने उचलायचा. लांबून बघणाऱ्याला काठी हातातच दिसायची. हात कोपरापर्यंत गाळाने माखलेले. पण जी उचल गुडघ्यांनी व्हायची ती आता पाठीने व्हायला लागली. त्याने मला शिकवले होते त्याच्या उलट. मला ते बघवत नसे. मी गाळ काढायला पुढे होऊ का म्हटले की तो म्हणायचा, "पुढचा मागे गेला की लोक विचारतात का गेला."

मग तो कोरडा उन्हाळा आला. मक्याची रोपे वाफ्यातच पिवळी पडली. गल्ल्यांचे पाणी इतके उतरले की डोण्या तळाला घासायला लागल्या. वस्तीने गल्ल्या उपसायचे ठरवले. सगळ्या घरांतले पुरुष, सगळ्या डोण्या. म्हातारा पुजारी धूप जाळत डोणीतून आला. प्रत्येकाच्या कामाकडे बघत, हळूहळू. आमच्यापाशी येऊन थांबला.

"खोकलेल्या मुलीचा मामा," तो म्हणाला. "हात."

तेनामासने फासातून मनगट सोडवले आणि उजवा हात पुढे केला. पुजाऱ्याने एका बोटाच्या सांध्यावरचा गाळ अंगठ्याने पुसला. तिथेच अंगठा ठेवला आणि दाबला.

"काम कसं चाललंय?"

"गाळ पातळ आहे, बाबा," तेनामास म्हणाला. रोजच्या आवाजात. "पाणी कमी असून गाळ पातळ. खालच्या अंगाच्या लोकांनी बांध धरला नाही नीट."

खालच्या अंगाचे लोक कुरकुरले. पुजाऱ्याने अंगठा फिरवला. तेनामासच्या मानेवर घाम फुटला होता, पण सगळ्यांच्याच मानांवर घाम होता.

"झोप लागते?"

"बहीण घोरते. त्यातून उरेल तेवढी लागते."

माणसे हसली. हसणे चालू असताना पुजाऱ्याने आणखी जोर दिला. मी त्याच्या अंगठ्याचे नख पांढरे झालेले पाहिले. तेनामासचा चेहरा तसाच. तो पाण्याकडे बघत होता आणि पुढची पिशवी कुठे टाकायची ते ठरवतोय असे वाटत होते.

"भाची कुठे आहे?"

"घरी. सूत कातते. हाताला चांगली आहे."

"मोठी झाली असेल."

"झाली."

पुजाऱ्याने हात सोडला. "जाड कातडीचा आहेस," तो म्हणाला आणि पुढच्या डोणीकडे गेला.

तेनामासने मनगट फासात अडकवले आणि पिशवी टाकली. उचलली. पुन्हा टाकली. पुजाऱ्याची डोणी दिसेनाशी झाली तरी थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा धरता आले नसते. दिवस कलला, माणसे घरी गेली, तेव्हा तो डोणीत बसला आणि म्हणाला, "सिपाक, फास काढ माझा." दोरी मनगटात रुतली होती. मी ती कापली. त्याने ओठ आतून चावला होता. तोंड धुतले तेव्हा पाणी तांबडे झाले.

त्या वर्षी दुसऱ्या वस्तीतली दोन लेकरे डोंगरावर नेली. पाऊस आला. आमच्या घरांतून कुणी त्याबद्दल बोलले नाही. सणाला सगळ्यांनी मका-घेवड्याची उसळ खाल्ली. नेकावालने खाल्लेली बाहेर जाऊन ओकली.

वर्षे गेली. म्हातारा पुजारी वारला, त्याचा शिष्य त्याच्या जागी आला. सेन्तेवाचे लग्न आमच्याच वस्तीतल्या एका वल्हेकऱ्याशी झाले. तेनामासने गाळाचे काम सोडले तेव्हा कुणाला नवल वाटले नाही, वयच झाले होते. तो आत बसून दोऱ्या वळायचा. उन्हात यायचा नाही. उन्हात बोटे दिसतात.

तो आटोपत आला तेव्हा पुन्हा पाऊस ओढ देत होता आणि सेन्तेवाला दिवस गेले होते. वस्तीत कुजबुज सुरू झाली होती. देवाच्या माणसाच्या पोटी जे येते तेही देवाचेच, असे कुणीतरी धक्क्यावर म्हणाले. मी भांडलो, पण भांडणाने काय होते.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. अंगावर सूज होती. अशा माणसाला त्लालोक नेतो, हे पोरालाही कळले असते.

"मला जाळा," तो म्हणाला.

"तेनामास, तुझी जागा तिकडे आहे. हिरवीगार. तू कमावलीस ती."

"तिथे गाळ काढायचा असतो का रे?"

"आपोआप पिकतं म्हणतात."

"मग मी तिथे करणार काय?" तो थांबला. श्वास पुरत नव्हता. "पुरलंत तर सगळ्यांना कळेल मी कुणाचा. मग तिला नेतील. पोटातल्यालाही. जाळा. आणि कुत्रा पिवळा बघा. खालची नदी कुत्राच पार करवतो, तर पांढरा म्हणतो मी आत्ताच अंग धुतलं, काळा म्हणतो मी आत्ताच मळलो. कामचोर दोघेही."

सेन्तेवा दारात उभी होती. तिने सगळे ऐकले. तिने फक्त विचारले, "मामा, गुडघे दुमडतील?"

आमच्यात माणसाला जाळण्याआधी गुडघे छातीशी घेऊन बसते गाठोडे बांधतात. त्याचे गुडघे कित्येक वर्षे पुरते मिटले नव्हते. मेल्यावर मिटले नाहीत तर वस्तीचे मुखिया बघणार, पुजारी बघणार.

"आत्ताच बसव मला," तो म्हणाला. "नंतर ओढाताण कराल. हाड मोडेल, आवाज बाहेर जाईल."

त्याने स्वतःच गुडघे ओढायला घेतले. मी एक धरला, सेन्तेवाने दुसरा. नेकावाल त्याच्या तोंडाशी कापड धरून बसली. कसे करायचे ते तोच सांगत होता. हळू, थांब, निथळू दे, आता ओढ. आतून चिंधी फाटावी तसे काहीतरी व्हायचे आणि तो डोळे मिटायचा. अंगावर घामाची धार लागली होती. आयुष्यात मी केलेल्या कामांत हे सगळ्यात जड. गुडघे छातीला लागले तेव्हा आम्ही त्याच्याच हातच्या दोरीने ते बांधले. तो तसाच बसून राहिला. बहिणीने पेज पाजली ती अर्धी बाहेर आली. दुपार कलायच्या आत तो गेला.

नेकावालने त्याची बोटे कापडात गुंडाळली, एकेक वेगळे न करता, मूठ वाटेल अशी. तोंडात हिरवा खडा ठेवला. वरून कापड शिवले. सेन्तेवाच्या नवऱ्याने पिवळा कुत्रा आणला.

नवा पुजारी आला तो मुखियाला घेऊन. त्याने गाठोड्याभोवती फेरी मारली. ढगाळले होते, हवा जड होती.

"लोक म्हणतात याची बोटं वाकडी होती."

"गाळ काढणाऱ्याची होतातच," मी म्हणालो.

"उघडा."

नेकावाल उठली. "बांधलेलं माणूस उघडतात होय? कुठल्या घरात पाहिलंस?"

"मी देवाचं बघतोय, बाई."

त्याने गाठीला हात घातला. सेन्तेवा गाठोड्याच्या दुसऱ्या बाजूला बसली होती, दोन्ही हात पोटावर. तिने हात काढून घेतले आणि मांडीवर ठेवले, तो बघत होता म्हणून. तेवढ्यात डोंगराकडे रांजण फुटल्यासारखा आवाज झाला. एकदा, मग पुन्हा. बाहेर लोक ओरडायला लागले, "आला, आला." देवळात शंख वाजला. ढग आला की पुजाऱ्याने देवळात असावे लागते. त्याने गाठ तशीच ठेवली. मुखियाकडे बघून म्हणाला, "जाळायचंय तर जाळा," आणि गेला.

आम्ही चिता रचली. वस्तीतली सगळी माणसे वर बघत होती, तोंडे उघडी, हात पसरलेले. त्यांना पाऊस हवा होता. आम्हा चौघांना तो थोडा थांबायला हवा होता. आग विझली तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्लालोक आपले माणूस मागतोय असे झाले असते. मी राळेने भरलेली लाकडे खाली सारली, भराभर पण मोकळी, वारा लागेल अशी. पहिले थेंब पडले ते आगीत चर्रर्र वाजले. धूर पांढरा झाला. नेकावाल पुटपुटत होती. कुणाला उद्देशून ते कळत नव्हते. कदाचित त्यालाच, थोडं थांब म्हणून. मी माझ्या अंगावरचे कापड काढून वाऱ्याच्या बाजूला धरले. हात भाजले. कापड मी सोडले नाही.

कापड जळाले, बोटे जळाली, गुडघे जळाले. मग खरा पाऊस आला. हाडे गार करायला वरून पाणी ओततात, ते ओतावे लागले नाही. राख ओघळत गल्लीकडे निघाली, तिथून तळ्यात. नेकावालने ओंजळीने जमेल तेवढी अडवली.

लोक नाचत होते. सेन्तेवा छपराखालून बाहेर आली नाही. पुढे तिला मुलगी झाली. ती आता चालते, आणि पाऊस लागला की आई तिला मांडीवर ओढून तिचे पाय स्वतःच्या हातांत धरून बसते, थांबेपर्यंत.

मी सकाळी उठलो की आधी माझी बोटे मिटून बघतो. त्या धुक्यात सेन्तेवाचे पाय मीच धरले होते. बोटे अजून मिटतात.